पूररेषेबाहेर घर हवं म्हणून काळ्या रानात जायचं का? सांगली नेमकी वाढावी कुठं?

कृष्णाकाठची

आमचं घर गावभागात. पणजोबांनी बांधलेलं, माडीचं. सोप्यातल्या लाकडी खांबावर वडिलांनी पटाशीनं तीन खुणा खोदून ठेवल्यात: २००५, २०१९, २०२१. सगळ्यात वरची २०१९ची, ती माझ्या डोक्याच्याही वर आहे. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५, हे आमच्याकडं लहान पोरालाही पाठ असतं.

वडील आता ७४ वर्षांचे आहेत. गेल्या पावसाळ्यात पाणी चढतंय असं कळल्यावर त्यांनी रात्रीत धान्याची पोती, कागदपत्रं, आईचं शिलाई मशीन असं सगळं माडीवर नेलं. पाणी काही आलं नाही. पण सकाळी चहा घेताना म्हणाले, "आता मला हे चढवणं होत नाही. घर विका."

भावानं लगेच प्लॉट बघितला. सांगली-मिरज रस्त्यापासून आत, दोन गुंठे. "इथं नदी जन्मात येत नाही," असं दलालानं छातीवर हात ठेवून सांगितलं. मी मुद्दाम पावसातच बघायला गेले. काळी माती, दहा पावलांत चप्पल रुतून बसली. शेजारच्या घरातल्या काकूंनी आत बोलावून चहा दिला आणि सांगितलं, "नदी नाही येत गं बाई, पण आभाळातलं पाणी चार-चार दिवस हलत नाही." त्यांनी घर बांधलं तेव्हा दाराला तीन पायऱ्या होत्या. रस्त्यावर दोनदा मुरूम पडला, आता एकच पायरी उरलीय.

म्हणजे पुरापासून पळायचं आणि तुंबलेल्या पाण्यात जाऊन बसायचं! घराचं आम्ही आमचं बघूच. पण मला पडलेला प्रश्न त्याहून मोठा आहे. शहर वाढणारच आहे, तर ते कुठं वाढावं हे आधी कुणी ठरवतं का? की प्लॉट पडले, तिकडं शहर गेलं, असंच चालायचं? जाणकारांनी लिहावं. ज्यांनी असं स्थलांतर केलंय त्यांनी तर नक्की लिहावं.

वानलेसवाडी_७२

आम्ही २००६ मध्ये खणभाग सोडून विश्रामबागच्या वरच्या अंगाला आलो. २०१९ला आमच्या दोन खोल्यांत १९ माणसं होती, सगळे खालचे नातेवाईक. निर्णय बरोबर होता असंच म्हणेन. वडिलांचं वय बघता भावना बाजूला ठेवा आणि निघा. फक्त तो प्लॉट घेऊ नका.

भडंगप्रेमी

वाचतोय. आमचंही घर याच तिढ्यात आहे.

साखळीमोजणी

ताई, तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर गावनकाशात आहे. मी ३१ वर्षं मोजणीचं काम केलं, आता निवृत्त आहे.

जुन्या गावनकाशावर ओढे, नाले, पाणंदी, गाडीवाटा सगळं दाखवलेलं असतं. नंतर शेताचा प्लॉट होतो, प्लॉटचा तुकडा होतो. सातबारावर नावं वाढत जातात, पण ओढ्याचं नाव कुठंच राहत नाही, कारण ओढ्याला वारस नसतो. दोन्हीकडचे धारक हात-दोन हात आत सरकतात. पंधरा फुटांचा ओढा आधी पाच फुटांचं गटार होतो आणि मग त्यावर फरशी पडते. पाणी मात्र जुन्याच वाटेनं येतं.

दुसरी गोष्ट पूररेषांची. लोकांचा यात फार गोंधळ असतो. सर्वसाधारणपणे २५ वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्या पुराची हद्द ती निळी रेषा आणि १०० वर्षांत एकदा येऊ शकणाऱ्याची लाल. नदी ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. निळी ते लाल हा नियंत्रित पट्टा, तिथं जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा वर घेऊन बांधता येतं. गावठाणातल्या जुन्या अधिकृत घरांच्या पुनर्बांधणीला अटी घालून मुभा आहे. आता "२५ वर्षांत एकदा" याचा अर्थ २५ वर्षं निवांत झोपा असा नाही. दरवर्षी शंभरात चार इतकी ती शक्यता असते, लागोपाठही येऊ शकते. तुमच्या खांबानंच ते दाखवलंय, २०१९ आणि २०२१मध्ये दोनच वर्षांचं अंतर आहे.

आणि या दोन्ही रेषा नदीच्या पुराच्या. पावसाचं पाणी जिथं साचतं त्या सखल जागेला कसलीच रेषा नाही. तुमचा दलाल खोटं बोलला नाही, पण निम्मंच बोलला.

हळदपेठ

सगळेजण गाव सोडायचीच भाषा करताय, म्हणून लिहितो. आमची पेढी तीन पिढ्यांची. हरभट रोड, मारुती चौक, शिवाजी मंडई, वखारभाग या भागातच सांगलीचा व्यापार उभा राहिला. संस्थानकाळातलं गणपती मंदिर इथंच आहे. २०१९ला दुकानातला माल कुजला, वास महिनाभर गेला नाही, तरी आम्ही उघडलं. जुनं शहर मोकळं करून सगळे विश्रामबागेला गेले तर इथं मागं राहणार कोण? ज्यांना जाणं परवडत नाही ते. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथं आधी पाणी शिरतं. तिथली माणसं हौस म्हणून राहिलेली नाहीत.

खरं दुखणं आलमट्टी आहे, खाली कर्नाटकात कृष्णेवर बांधलेलं धरण. तिकडं धरण भरून ठेवायचं आणि इकडं आम्ही बुडायचं.

अंजनी

हळदपेठ काका, पहिल्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. दुसऱ्याशी नाही.

२०१९नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराला आलमट्टी जबाबदार नसल्याचं म्हटलं होतं आणि नदीपात्रातल्या, पूरपट्ट्यातल्या अतिक्रमणांवर बोट ठेवलं होतं. आलमट्टीची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायला महाराष्ट्राचा विरोध आहे आणि ती चर्चा चालूच राहावी. पण त्यावर बोलत बसलो की आपल्या हातात असलेल्या गोष्टी सुटतात.

सांगलीची जागाच बघा ना. वरून कृष्णा येते, कऱ्हाडला तिला कोयना मिळालेली असते. इथून जरा खाली हरिपूरला वारणा मिळते आणि पुढं नृसिंहवाडीला पंचगंगा. वारणा भरून वाहत असली की कृष्णेला पुढं सरकायला जागा मिळत नाही, पाणी मागं फुगतं. जमीन सपाट आणि नदी वळणावळणाची. अशा ठिकाणी नदी पसरणारच. तिला पसरायला रान ठेवायचं की घरं, एवढंच आपण ठरवू शकतो.

हळदपेठ

समिती काहीही म्हणो, आमचा अनुभव वेगळा आहे. पण ठीक, या धाग्यावर आलमट्टी काढत नाही.

पाचवा_मजला

मला वाटतं आपण उगाच आडवे पसरतोय. सांगली-मिरज-कुपवाड महापालिका १९९८ची. हद्द सुमारे ११८ चौरस किलोमीटर. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ५ लाखांच्या किंचित वर. भागून बघा, एका चौरस किलोमीटरला सव्वाचार हजार माणसं. एकरी जेमतेम १७! चाळीस गुंठ्यांत १७ माणसं! (आज वाढली असतील, पण चित्र फार बदललेलं नसणार.) म्हणजे हद्दीच्या आतच भरपूर जागा आहे. मग आणखी बाहेरची शेतं कशाला फोडायची? वरच्या, उंच भागात पाच-सात मजले बांधा. पाण्याची लाइन, ड्रेनेज, बस सगळंच स्वस्तात पडेल. एका माणसामागं शंभर फूट पाइप टाकायचा की दहा फूट, याचा हिशोब कुणीतरी करायला हवा.

वानलेसवाडी_७२

@पाचवा_मजला, आमच्याच गल्लीत एका बंगल्याच्या जागी १६ फ्लॅट झाले. पाण्याची लाइन जुनीच, रस्ताही जुनाच तीस फुटी. आता वरच्या मजल्यांना मोटरशिवाय पाणी चढत नाही आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या. उंच जायला हरकत नाही, पण आधी जमिनीखालचं वाढवा आणि मग वरचं.

गुंठ्यातलं_घर

धाग्यावर "गुंठेवारी" (मंजूर लेआउट न करता शेतजमीन गुंठ्यागुंठ्यानं विकून झालेली वस्ती) हा शब्द अजून आला नाही, पण रोख तिकडंच चाललाय. म्हणून मीच लिहितो.

मी गुंठेवारीत वाढलो. वडील कुपवाड एमआयडीसीत फाउंड्रीत होते. १९९३ साली त्यांनी एक गुंठा घेतला. एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलेलं, सातबारावर बावीस जणांची सामायिक नावं. वीज तीन वर्षांनी आली. नळ अकरा वर्षांनी. तोवर आई आणि बहीण लांबच्या बोअरवरून पाणी आणायच्या. पावसाळ्यात मी चपला हातात घेऊन शाळेला जायचो आणि मोठ्या रस्त्याला लागलो की एका हॉटेलच्या नळावर पाय धुवायचो. वर्गातल्या पोरांना माझा पत्ता न सांगताच कळायचा, पँटच्या चिखलावरून.

लोक म्हणतात गुंठेवारीनं शहर बकाल केलं. आमच्या वडलांच्या पगारात मंजूर लेआउटमधला प्लॉट कधीच बसला नसता. शहराला फाउंड्रीत माणूस पाहिजे होता, हळदीच्या पेठेत हमाल पाहिजे होता, धुणीभांड्याला बाई पाहिजे होती. त्यांनी राहायचं कुठं, हे कुठल्या आराखड्यात होतं? २००१ला गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला, २०२१ला त्याची मुदत वाढवून २०२०अखेरपर्यंतच्या प्लॉटना संधी दिली. आम्ही पैसे भरून नियमित झालो. पण कागद सरळ झाला म्हणून पाणी वाहून जात नाही. गल्ली अजून बारा फुटीच आहे. अँब्युलन्स आत येते, पण वळत नाही.

मी कुणावर चिडून लिहीत नाहीये. एवढंच म्हणतो की शहराचं नियोजन करताना कमी पगाराच्या माणसाचं घर पहिल्या पानावर धरा. ते शेवटच्या पानावर ढकललं की तो स्वतःच गुंठा शोधतो आणि त्याला परवडणारा गुंठा नेहमी ओढ्याकडेलाच असतो.

भडंगप्रेमी

@गुंठ्यातलं_घर, प्रतिसाद दोनदा वाचला. शाळेतला एक मित्र आठवला, तोही असाच पाय धुवून यायचा. आम्ही कधी विचारलंच नाही.

कृष्णाकाठची

@गुंठ्यातलं_घर, मनापासून आभार. ज्या काकूंनी मला चहा दिला त्यांचंही अगदी हेच. त्यांनी जागा कधीही बघितली असती तरी घेतलीच असती, कारण तेवढेच पैसे होते. मला नाही म्हणता येतंय, त्यांना नव्हतं.

बेदाणा

शेतकऱ्याची बाजू कुणीच मांडंना, म्हणून लिवतो.

आमचं रान शहराला लागून हाय. तीन एकर. दहा वर्सं झाली, दर आठवड्याला कुणीतरी प्लॉटवाला दारात. आधी नाय म्हणायचो. पण रान क्षारपड झालं. वर्सानुवर्सं उसाला पाट भरून पाणी दिलं, काळी भारी जमीन, निचरा न्हाई, मीठ वर आलं. पांढरं फटक. एकरी टनेज निम्म्यावर. जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून निचरा काढला की रान सुधारतं, लोकांनी केलंय. पण त्यो एकट्याचा खेळ न्हाई. खालच्या शेतकऱ्यानं पाणी पुढं न्यू दिलं पायजे आणि शेवटाला ओढा उघडा पायजे. खालच्या रानात प्लॉट पडलं, ओढा बुजला. आता माझं पाणी जाणार कुठं? मग मीबी इकतो आणि माझ्यावरचा इकतो.

शहर आमच्यापर्यंत आपसूक येत न्हाई. आधी ओढा मरतो, मग रान मरतं, मग प्लॉट पडत्यात.

साखळीमोजणी

बेदाणा यांनी जे सांगितलं ते मी प्रत्यक्ष नकाशावर घडताना बघितलंय. आणि लक्षात घ्या, नापीक झालेली हीच सखल, काळी, निचरा नसलेली रानं आधी विकली जातात. म्हणजे घरं बांधायला सगळ्यात वाईट जमीन सगळ्यात आधी बाजारात येते. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, तिच्यावरच्या भिंतींना तिरक्या चिरा पडतात. तिथं पाया खोल, खर्चिक लागतो आणि घेणारा असतो सगळ्यात कमी पैशाचा.

डेल्फ्टहून_मिरजकर

मी मूळचा मिरजेचा. बालपण किल्ला भागात गेलं. गेली १४ वर्षं नेदरलँड्समध्ये पाण्याच्याच कामात आहे. इथला एक अनुभव लिहितो. जसाच्या तसा आपल्याकडं लागू होणार नाही हे मला माहीत आहे, पण विचाराची दिशा घेण्यासारखी आहे.

इथं १९९३ आणि १९९५ला ऱ्हाइन आणि म्यूज नद्यांना मोठे पूर आले. १९९५ला सुमारे अडीच लाख लोक हलवावे लागले. शतकानुशतकं यांचा उपाय एकच होता, बांध उंच करा. त्यानंतर त्यांनी धोरण फिरवलं: "नदीला जागा द्या." अनेक ठिकाणी बांध मागं सरकवले, पूरमैदानं खोल केली, बाजूनं दुसरे प्रवाह काढले. नायमेखन शहरापाशी नदी एकदम अरुंद होते. तिथं बांध मागं घेऊन नदीला एक जोडप्रवाह दिला आणि मधल्या बेटाची बाग केली. काही घरं पाडावी लागली. लोकांनी जोरदार विरोध केला. वर्षानुवर्षं बैठका झाल्या, भरपाई आधी दिली आणि मग काम झालं.

मला यातली भरपाई सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्याकडं पूरपट्ट्यातली जागा "मोकळी ठेवा" असं नकाशावर हिरव्या रंगानं सांगतात आणि मालकाला वाऱ्यावर सोडतात. तो मग रात्रीत भराव टाकतो. त्याच्या जागी मी असतो तर मीही टाकला असता.

अंजनी

याच मुद्द्यावर यायचं होतं. मी नगररचनेचं शिक्षण घेतलंय, काही वर्षं त्यात काम केलंय. जरा लांबण लागेल, पण वाचा.

महाराष्ट्रात शहराचा विकास आराखडा १९६६च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होतो. आराखड्यात बाग, शाळा, रस्ता, मैदान यांची आरक्षणं खासगी जमिनींवर पडतात. ज्याच्या जमिनीवर आरक्षण पडलं तो बुडाला आणि त्याच्या शेजारचा रस्ता झाल्यामुळं लखपती झाला, असं लोकांना वाटतं आणि ते बरंचसं खरंही आहे. त्यात दहा वर्षांत ती जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण घालवू शकतो. म्हणून आराखड्यातल्या बागा कागदावरच राहतात.

याला पर्याय आपल्याच कायद्यात पडून आहे: नगररचना योजना, लोक टीपी स्कीम म्हणतात ती. मुंबई इलाख्यात १९१५च्या कायद्यानं ती आली. अहमदाबादनं तिच्यावर अख्खं शहर वाढवलं, तिथल्या बाह्यवळण रस्त्याची बरीचशी जमीनसुद्धा अशा योजनांतूनच मिळाली. पुण्याजवळ म्हाळुंगे-माणला अलीकडं ती वापरली गेली. समजा शंभर एकर रान आहे आणि चाळीस शेतकरी आहेत. सगळ्यांची जमीन कागदावर एकत्र करायची. त्यातून रस्ते, ओढा, बाग, शाळा, गरिबांच्या घरांची जागा आधी काढून घ्यायची. उरलेल्या जमिनीचे चौकोनी, रस्त्याला लागून असलेले प्लॉट करून ज्याचे त्याला प्रमाणात परत द्यायचे. प्रत्येकाची जमीन कमी होते, पण सगळ्यांची सारखी कमी होते, आणि परत मिळालेल्या प्लॉटची किंमत वाढलेली असते. कुणी एकटा आरक्षणाखाली चिरडला जात नाही.

यातून ओढा वाचतो. बेदाणा यांचं पाणी पुढं जातं. गुंठ्यातलं_घर यांना हवी असलेली जागा मध्यभागी मिळू शकते. आणि डेल्फ्टकर म्हणतात ती भरपाई पैशाऐवजी जमिनीतून होते.

तुलना करा. एक एकराच्या, म्हणजे साधारण ०.४ हेक्टरच्या मंजूर लेआउटला १० टक्के मोकळी जागा सोडावी लागते, चार गुंठे. तीच एक एकर गुंठ्यागुंठ्यानं विकली तर चाळीस दस्त होतात आणि मोकळी जागा शून्य.

पाचवा_मजला

टीपी स्कीम ऐकायला छान वाटते, पण वेळ किती लागतो? तोवर निम्मे प्लॉट विकून होतात.

अंजनी

वेळ लागतो हे खरंय. म्हणूनच ती जिथं अजून रान आहे तिथं करायची, घरं झाल्यावर नाही. शहराच्या कडेला आज जिथं ऊस उभा आहे, तिथं.

बेदाणा

ताई, कागद एक करायचा म्हंजे आमच्या भावकीत पयला कोर्टाचा निकाल लागू दे! पण खरं सांगू, सगळ्यांची सारकीच जात आसंल तर मी पयली सही करतो.

कंदीपेढा

साताऱ्याहून लिहितोय. आमचं दुखणं तुमच्या उलटं आहे. तुमच्याकडं सपाटी, आमच्याकडं उतार.

सातारा अजिंक्यताऱ्याच्या आणि यवतेश्वरच्या मध्ये वसलंय. जुन्या लोकांनी उतारावरून येणारं पाणी वाया जाऊ दिलं नाही. मोती तळं, फुटकं तळं, मंगळवार तळं, वर महादरे तळं. कास तलावाचं पाणी आजही शहराला मिळतं. २०२०ला हद्द वाढून शाहूपुरी, विलासपूर वगैरे भाग पालिकेत आले, पण तिथली घरं आधीच उभी होती. हद्द मागून येते, घरं पुढं जातात. सगळीकडं हेच.

अवांतर: कासच्या वाटेवर डोंगर फोडून होणारी बांधकामं बघितली की पोटात खड्डा पडतो. २०१२ला पश्चिम घाटाबरोबर कास पठार जागतिक वारशात गेलं. जे पठार आम्हाला पाणी देतं त्याच्याच वाटेवर आम्ही काँक्रीट ओततोय. याच्यावर वेगळा धागा काढेन.

भडंगप्रेमी

कंदीपेढा, धागा काढाच. त्या बदल्यात भडंग पाठवतो.

डेल्फ्टहून_मिरजकर

तळ्यांवरून आठवलं. सांगलीत भर वस्तीत काळी खण आहे, मिरजेत गणेश तलाव आहे. आपण त्यांच्याकडं फक्त शोभेची जागा म्हणून बघतो. जोराच्या पावसाचं पाणी तासभर धरून ठेवणारी जागा म्हणून बघायला हवं.

छोटा हिशोब देतो. एक एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर दोन लाख लिटर पाणी होतं. दहा हजार लिटरचे वीस टँकर. रान असताना त्यातलं बरंच जिरायचं, बांधाला अडायचं, सावकाश ओढ्याला लागायचं. त्याच एकरावर छपरं, फरशी आणि काँक्रीटचा रस्ता झाला की जवळजवळ सगळे वीस टँकर तासाभरात खालच्याच्या दारात. शहर वरच्या अंगाला वाढलं तरी खालचा बुडतो तो असा. @वानलेसवाडी_७२, तुमच्या अंगणातलं पाणी तुमच्याच अंगणात जिरलं तर ताईंना चहा देणाऱ्या काकूंची एखादी पायरी वाचेल.

वानलेसवाडी_७२

मान्य. आम्ही गेल्याच वर्षी चिखल नको म्हणून अख्ख्या अंगणात पेव्हर ब्लॉक घातले. असा विचार कधी केलाच नव्हता. बोअरशेजारी शोषखड्डा घेण्याबद्दल सोसायटीत बोलतो.

हळदपेठ

एक गोष्ट राहिली. पाणी फक्त येण्याचंच बोलतोय आपण. जातं त्याचं काय? शहराच्या सांडपाण्याचा शेरीनाला वर्षानुवर्षं कृष्णेत मिसळतोय. शहर दुप्पट होईल तेव्हा मैलाही दुप्पट होईल. आमच्या लहानपणी घाटावर पोहायला शिकायचे, मीही तिथंच शिकलो. नातवाला घेऊन गेलो तर म्हणाला, "आजोबा, वास येतो." नवीन वसाहतीला परवानगी देताना आधी तिचं सांडपाणी कुठं शुद्ध होणार ते विचारा, रस्ता नंतर.

आणि हो, एप्रिल २०१६ला मिरजेतून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं, तेव्हा आपली मान केवढी ताठ झाली होती! दुसऱ्याची तहान भागवणारी नदी आहे ही.

अंजनी

+१. आणि रस्त्यांबद्दल एक. नदीच्या पूरमैदानातून आडवे जाणारे उंच भरावाचे रस्ते बांधाचंच काम करतात. मोऱ्या पुरेशा नसल्या की पाणी एका अंगाला थटतं. रस्ता उंच झाला म्हणून टाळ्या वाजवताना खालून पाणी कुठून जाणार हे विचारायला हवं.

गुंठ्यातलं_घर

धागा मोठा झालाय, पण ताईंचा मूळ प्रश्न "कुणी ठरवतं का" असा होता. ठरवणारे आहेत हे कळलं. आपण त्यात कुठं शिरायचं? आमच्या गल्लीला आराखडा कधी आला आणि कधी गेला, पत्ताच लागला नाही.

अंजनी

प्रारूप आराखडा जाहीर झाला की ठरावीक मुदतीत कुणीही लेखी हरकत किंवा सूचना देऊ शकतं आणि तिच्यावर सुनावणी होते. बहुतेक हरकती "माझ्या प्लॉटवरचं आरक्षण काढा" एवढ्याच असतात. "हा ओढा आराखड्यात दाखवा" अशी हरकत क्वचित येते. ती द्यायची तर गट नंबर, गावनकाशाचा उतारा आणि आजचे फोटो जोडून द्या. नुसत्या पत्राला वजन येत नाही, नकाशा लागतो.

साखळीमोजणी

उतारे काढायला मी मदत करतो. गुडघे दुखतात, पण एक ओढा चालायला जमेल. ताई, रविवारी सकाळी सातला त्या प्लॉटपाशी भेटू?

कृष्णाकाठची

(दहा दिवसांनी)

उशिरा लिहितेय. त्या रविवारी आम्ही पाच जण होतो: साखळीमोजणी काका, मी, भाऊ, भडंगप्रेमी (भडंग घेऊन आले होते) आणि चहावाल्या काकूंचा मुलगा. काकांच्या हातात गावनकाशाची झेरॉक्स. जिथं नकाशावर ओढा आहे तिथून चालायला लागलो. पहिला पाऊण किलोमीटर तो दिसतो, बाभळी आहेत, बगळे होते. मग एक कंपाउंडची भिंत त्याच्या अंगावरच उभी आहे. भिंतीच्या पलीकडं चार फुटी गटार. त्याच्या पुढं काहीच नाही, घरंच. भावानं बघितलेला प्लॉट बरोबर त्या "काहीच नाही"च्या मधोमध आहे. काकांनी नकाशा त्याच्यापुढं धरला. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग दलालाला फोन करून नाही म्हणाला.

घराचं आम्ही असं ठरवलंय. गावभागातलं घर विकायचं नाही. खालचा सोपा रिकामा ठेवायचा, राहणं माडीवर, विजेची बटणं आणि मीटर २०१९च्या खुणेच्या वर. जुलै ते सप्टेंबर आईवडिलांसाठी विश्रामबागेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. वडिलांना हे पटलं. त्यांना घर नको नव्हतं, पोती चढवणं नको होतं.

ओढ्याचे फोटो गट नंबरांसकट जुळवून ठेवलेत. काकूंच्या मुलानं गल्लीतल्या ४१ घरांच्या सह्या घेतल्या. पण एकाच ओढ्यानं काय होणार? काका म्हणतात, नकाशावर त्या भागात अजून तीन आहेत.

गुंठ्यातलं_घर

त्यातला एक आमच्या मागून जातो. पुढच्या रविवारी आमच्या गल्लीतून सुरू करा, चहा आईच्या हातचा. येताना गमबूट आणा, शेवटचे शंभर फूट अजून ओले आहेत.

बेदाणा

मीबी येतो. वरचं टोक माझ्या रानात हाय, तिथनं उलटं चालत येतो. मधी भेटू.